विषाणू, नशा आणि आपली तब्येत : पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या वस्त्यांत, कॉलेजांत आणि सोसायट्यांच्या हॉलमध्ये आम्ही आरोग्याविषयी बोलायला जातो. बोलून झाल्यावर ‘काही प्रश्न?’ असं विचारलं की सगळे गप्प. खुर्च्या आवरायला लागलो की मग एकेक जण बाजूला घेऊन विचारतो. खालचे बहुतेक प्रश्न असे खुर्च्या आवरतानाचे आहेत. औषधांची नावं समजण्यापुरती दिली आहेत. कोणाला काय आणि किती द्यायचं ते तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

विषाणूचा संसर्ग आणि दारू-तंबाखू-ड्रग्ज हे दोन वेगळे विषय नाहीत का?

केसपेपरवर वेगळे आहेत. कावीळ एका ओपीडीत, एचआयव्ही दुसऱ्या इमारतीत आणि व्यसन मनोविकार विभागात. माणूस मात्र तोच तिन्हीकडे रांगा लावतो.

संबंध सरळ आहे. सुई, सिरिंज किंवा नळी एकाची दुसऱ्याने वापरली की रक्तातले विषाणू थेट पोहोचतात. धुरामुळे श्वासनलिकेचं आतलं अस्तर खराब होतं आणि फ्लूसारखे आजार जोर धरतात. रोजच्या दारूने यकृत थकतं, प्रतिकारशक्तीही ढासळते. पण आमच्या मते सगळ्यात जास्त नुकसान होतं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. पिणारा माणूस दवाखान्यात उशिरा जातो, गेला तर खरं सांगत नाही, आणि औषध मध्येच सोडतो. विषाणूवरची औषधं गेल्या दहा-पंधरा वर्षांत कमालीची सुधारली, पण ती या माणसापर्यंत पोहोचत नाहीत.

डॉक्टरांना दारूचं सांगितलंच पाहिजे का? सगळ्या घरासमोर विचारतात हो.

सांगितलंच पाहिजे. घरच्यांसमोर नको असेल तर ‘डॉक्टर, दोन मिनिटं एकट्याशी बोलायचंय’ एवढं म्हणा. कोणताही समजूतदार डॉक्टर बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगतो.

का सांगायचं, ते एका नेहमीच्या प्रसंगातून बघा. पावसाळ्यात पन्नाशीचे गृहस्थ डेंग्यूने ॲडमिट होतात. रोज संध्याकाळी एक क्वार्टर ठरलेली, पण केसपेपरवर ‘कधीतरी, कार्यक्रमात’ असं लिहिलं जातं, कारण शेजारी मुलगी उभी असते. पहिल्या दिवशी हाताला थोडी थरथर. सगळ्यांना वाटतं, तापामुळे. दुसऱ्या रात्री झोप नाही, घाम, उलट्या. तिसऱ्या दिवशी ते सलाइनची नळी ओढून काढतात, भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणतात, बायकोला ओळखत नाहीत. ‘ताप डोक्यात गेला’ म्हणून घरचे हवालदिल. प्लेटलेट पुन्हा तपासतात, डोक्याचा स्कॅन होतो.

बऱ्याचदा हा ताप नसतो. रोजची दारू अचानक बंद झाली की शरीर असं उसळतं. आकडी येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत असतो आणि भ्रमाची अवस्था साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येते. वेळेत लक्षात आलं नाही तर जिवावर बेतू शकतं. आधी माहीत असेल तर डॉक्टर पहिल्या दिवसापासून त्यावरचं औषध सुरू करतात आणि ग्लुकोजचं सलाइन चढवण्याआधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. ते इंजेक्शन स्वस्त आहे. मेंदूला होणारी इजा मात्र पुढे भरून निघेलच असं नाही.

शिवाय डेंग्यूत ताप उतरवायला पॅरासिटामॉलच द्यावी लागते. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून त्या टाळतात. पण रोज पिणाऱ्याच्या यकृताला पॅरासिटामॉलचाही नेहमीचा डोस जड जाऊ शकतो. तो किती ठेवायचा हे ठरवायला खरा आकडा लागतो, ‘कधीतरी’ने भागत नाही.

मग रोज पिणाऱ्याने एकदम सोडू नये का?

सोडावी, पण डॉक्टरांच्या नजरेखाली. सकाळी उठल्यावर हात थरथरत असतील आणि प्यायल्यावरच थांबत असतील तर घरच्या घरी ‘आजपासून बंद’ करू नका.

सर्दी-तापात थोडी ब्रँडी चालते ना? आमचे आजोबा घ्यायचे.

आजोबा जगले ते ब्रँडी घेऊनही जगले. पोटात गेलेली दारू विषाणू मारत नाही. हातावर चोळलेलं सॅनिटायझर विषाणू मारतं, म्हणून तेच आत गेलं तर आतलाही मरेल, ही समजूत २०२० मध्ये फार महागात पडली. इराणमध्ये कोरोनावर इलाज म्हणून विषारी दारू पिऊन शेकडो माणसं दगावली. आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत लॉकडाऊनमुळे दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन काही जण गेले.

नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये ‘हेपॅटायटिस सी पॉझिटिव्ह’ आलंय. संपलं का सगळं?

नाही. घरी आलेल्या वाईट रिपोर्टांपैकी हा सध्या सगळ्यात आशेचा.

हेपॅटायटिस सी म्हणजे रक्तातून पसरणारा, यकृताला सूज आणणारा विषाणू. आधी रिपोर्ट नीट वाचा. ‘अँटी-एचसीव्ही’ पॉझिटिव्ह म्हणजे हा विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला. आत्ता आहेच असं त्यावरून कळत नाही. संसर्ग झालेल्यांपैकी १५ ते ४५ टक्के लोकांचं शरीर सहा महिन्यांच्या आत त्याला आपणहून हुसकावून लावतं, पण अँटिबॉडी रक्तात राहतात. म्हणून दुसरी तपासणी करावी लागते ती विषाणूच्या आरएनएची, म्हणजेच व्हायरल लोडची. ती निगेटिव्ह आली तर उपचारांची गरज नाही. घाबरून थेट महागड्या पॅकेजच्या मागे लागणारे लोक ही दुसरी तपासणीच विसरतात.

ती पॉझिटिव्ह आली तर गोळ्या. हा विषाणू १९८९ मध्ये सापडला आणि त्यावरच्या कामासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. २०१३ पर्यंत इलाज म्हणजे मुख्यतः इंटरफेरॉनची इंजेक्शनं. वर्षवर्षभर ताप, अंगदुखी, नैराश्य, आणि एवढं सोसून गुण येण्याची खात्री नाही. त्या वर्षाच्या शेवटी सोफोसबुव्हिर आलं आणि चित्रच बदललं. आता बहुतेकांना १२ आठवडे रोज गोळ्या घ्याव्या लागतात आणि शंभरातले ९५ च्या वर बरे होतात. बरे म्हणजे पूर्ण बरे : औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणू सापडत नाही. यकृत आधीच आकसलेलं असेल, म्हणजे सिऱ्होसिस असेल, तर औषधांची जोडी बदलते आणि कधी मुदत वाढते. सिऱ्होसिस असलेल्यांनी विषाणू गेल्यावरही यकृताची तपासणी चालू ठेवायची, कारण कॅन्सरचा धोका उरतोच.

पैशांचं म्हणाल तर २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. खासगीत पैसे भरण्याआधी सरकारी रुग्णालयात विचारा.

एक गोष्ट ठणकावून सांगतो. यावर लस नाही, आणि एकदा बरा झालेला माणूस पुन्हा तीच चूक करून पुन्हा संसर्ग घेऊ शकतो.

नवरा अजून नशेची सुई टोचून घेतो, पितोही. डॉक्टर म्हणतात आधी व्यसन सोड, मग गोळ्या देऊ. बरोबर आहे?

बरोबर नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

‘आधी सुधार, मग ये’ असं म्हणण्यामागे एके काळी कारण होतं. इंटरफेरॉन सोसणं धडधाकट माणसालाही कठीण जायचं. नशा करणारा गोळ्या वेळेवर घेणार नाही, औषध वाया जाईल, अशी धास्ती होती. ती खरी आहे का, हे नव्या गोळ्या आल्यावर तपासलं गेलं. ‘सिम्प्लिफाय’ नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात अलीकडच्या काळात टोचून घेतलेल्या १०३ जणांना सोफोसबुव्हिर-वेलपॅटासव्हिरच्या गोळ्या दिल्या. ९४ टक्के बरे झाले. हा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अधूनमधून गोळ्या चुकल्या तरी बहुतेकांना गुण आला. चालू व्यसन हे उपचार नाकारायचं कारण नाही, असंच आज जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

यात आपलाही स्वार्थ आहे. टोचणाऱ्याच्या रक्तातून विषाणू गेला की त्याच्या सुईतून तो दुसऱ्याकडे जाणं थांबतं. शिवाय दारू आणि हेपॅटायटिस सी एकत्र आले की यकृत फार भराभर आकसतं. म्हणजे पिणाऱ्याला थांबवून ठेवणं याचा अर्थ ज्याला सगळ्यात कमी वेळ आहे त्यालाच रांगेत मागे पाठवणं.

डॉक्टर ऐकत नसतील तर भांडू नका. ‘राष्ट्रीय कार्यक्रमाच्या उपचार केंद्राला चिठ्ठी द्या’ म्हणा. व्यसनाचा उपचारही त्याच आठवड्यात सुरू करा, दोन्ही एका वेळी चालतात.

जिममध्ये इंजेक्शन घेतो. सुई प्रत्येकाची वेगळी असते, बाटली एकच. चालतं ना?

नाही चालत. वापरलेली सिरिंज पुन्हा त्याच बाटलीत बुडवली की रक्ताचा अंश आत जातो, आणि पुढचा माणूस नव्या कोऱ्या सुईने तोच ओढून घेतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा सिरिंजच्या टोकाशी अडकून राहिलेल्या रक्तात हेपॅटायटिस सीचा विषाणू ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडला. हेपॅटायटिस बीचा विषाणू तर कोरड्या पृष्ठभागावर निदान सात दिवस टिकतो.

सुई बाजूला ठेवली तरी औषधाचा प्रश्न उरतोच. मेफेन्टरमाइन हे ऑपरेशन टेबलावर रक्तदाब घसरला तर द्यायचं औषध. ते व्यायामाआधी ‘ताकदीसाठी’ विकणाऱ्यांना पुणे पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. हृदयाचे ठोके बिघडवणारं, सवय लावणारं औषध डंबेल उचलायला कशाला? आतापर्यंत घेतलं असेल तर हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही या तीन चाचण्या करून घ्या. विकणाऱ्याचं नाव कोणी विचारणार नाही.

आम्ही एमडी ही नशेची पावडर फक्त नाकाने ओढतो. सुई नाही म्हणजे संसर्ग नाही, हो ना?

कमी, पण नाही म्हणता येत नाही. पावडरने नाकाची आतली त्वचा सोलवटते, सूक्ष्म रक्त येतं, आणि गुंडाळलेली तीच नोट किंवा नळी हातोहात फिरते. हेपॅटायटिस सी असलेल्यांच्या नाकातल्या स्रावात या विषाणूचा आरएनए सापडलेला आहे.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यावर छापा घातला, तेव्हा हा पदार्थ आपल्या किती जवळ बनतो ते सगळ्यांना कळलं. नशेत कंडोमची आठवण राहत नाही, हा त्यातला दुसरा धोका. त्या रात्रीनंतर शंका आली तर एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. त्यांना पेप म्हणतात. जितक्या लवकर सुरू कराल तितकं चांगलं. सोमवारची ओपीडी उघडेपर्यंत वाट बघू नका, मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.

सरकारच नव्या सुया वाटतं म्हणे. हे व्यसनाला खतपाणी नाही का?

हा प्रश्न सगळ्यात तावातावाने विचारला जातो, आणि विचारणारा बहुधा सज्जन असतो.

सुया मिळाल्या म्हणून कोणी टोचायला लागत नाही. टोचणारा आधीच टोचत असतो. फरक पडतो तो सुई जुनी की नवी एवढाच. वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. अफूजन्य नशेऐवजी देखरेखीखाली पर्यायी औषध दिलं तर हेपॅटायटिस सी लागण्याचा धोका जवळपास निम्म्यावर येतो, आणि त्याला पुरेशा नव्या सुयांची जोड मिळाली तर सुमारे तीन चतुर्थांशाने घटतो. हे पर्यायी औषध म्हणजे आपल्याकडे मुख्यतः ब्युप्रेनॉर्फिन. ही गोळी केंद्रावर जिभेखाली ठेवून घ्यायची असते. ती घेणारा माणूस तलफेच्या मागे धावत नाही, कामावर जातो, घरी पैसे देतो.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक सुईने नशा करतात. देशातल्या प्रौढांत एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे, तर सुईने नशा करणाऱ्यांत साधारण ९ टक्के. हे लोक बेटावर राहत नाहीत. त्यांना बायका आहेत, मुलं आहेत.

कायद्याचंही स्पष्ट आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी असं काम करणाऱ्यांना आणि त्याचा लाभ घेणाऱ्यांना तो संरक्षण देतो.

उपचाराला गेलो तर पोलीस केस होईल का?

अमली पदार्थविरोधी कायद्यातच, कलम ६४-अ मध्ये, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवन किंवा अल्प साठ्याच्या गुन्ह्याच्या खटल्यातून सूट दिली आहे. अट अशी : उपचार सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात घ्यायचा आणि पूर्ण करायचा. विक्रेत्याला ही सूट नाही. आधीच केस चालू असेल तर वकिलाला हे कलम दाखवा.

एचआयव्हीची गोळी चालू आहे. लग्नकार्यात थोडी घेतली तर त्या दिवशी गोळी टाळावी का?

गोळी टाळायची नाही. दारूपेक्षा चुकलेली गोळी जास्त घातक.

यावर संशोधन झालं आहे. दारू आणि एचआयव्हीची औषधं एकत्र आली तर विष होतं, अशी समजूत असलेले लोक प्यायच्या दिवशी मुद्दाम गोळी सोडतात, असं अमेरिकेतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं. म्हणजे ‘दारू आणि गोळी एकत्र नको’ असा धाक घालून आपणच उपचार मोडतो. दारू सोडायचा प्रयत्न जरूर करा, यकृताला आणि स्मरणशक्तीला त्याचा फायदाच आहे. पण रात्री नऊची गोळी नऊलाच. मोबाइलमध्ये गजर लावा आणि लग्नाला जाताना एक गोळी खिशात ठेवा.

तंबाखूकडे मात्र या रुग्णांत कोणी बघतच नाही. डेन्मार्कमधल्या मोठ्या पाहणीत उपचार चालू असलेल्या एचआयव्हीबाधितांचं आयुष्य धूम्रपानामुळे सुमारे १२ वर्षांनी घटत होतं, तर एचआयव्हीमुळे सुमारे ५ वर्षांनी. विषाणू आवरता आला, पण सिगारेट तशीच राहिली.

एचआयव्हीचा व्हायरल लोड ‘सापडत नाही’ असा रिपोर्ट आहे. लग्न करता येईल?

येईल. मूलही होऊ शकतं. या खात्रीमागे पुण्याचाही हातभार आहे, आणि तो फारशा पुणेकरांना माहीत नाही.

‘एचपीटीएन ०५२’ हा अभ्यास नऊ देशांत १,७६३ जोडप्यांवर झाला. जोडप्यातल्या एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. भारतातली केंद्रं पुण्यात आणि चेन्नईत होती. पुण्याचं काम भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने केलं. या संस्थेचं नाव आता बदललं आहे. उपचार लवकर सुरू केले तर जोडीदाराला संसर्ग होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं, हे २०११ मध्ये समोर आलं. ‘सायन्स’ नियतकालिकाने त्याला त्या वर्षातला सर्वांत मोठा शोध ठरवलं. पुढच्या अभ्यासांतून हेही पक्कं झालं की रक्तात विषाणू सापडत नाही इतका दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही.

हे शरीरसंबंधापुरतं खरं आहे. सुई वाटून घेण्याला ही हमी लागू नाही. आणि लग्नाआधी जोडीदाराला सांगायचं, यात पळवाट शोधू नका.

सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं एचआयव्हीचं इंजेक्शन आलंय म्हणतात. ही लस आहे का?

लस नाही, औषधच आहे. नाव लेनाकापाव्हिर. संसर्ग न झालेल्या माणसाला पोटाच्या त्वचेखाली देतात आणि सहा महिने संरक्षण मिळतं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुणींवरच्या चाचणीत हे इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही एचआयव्ही झाला नाही. हा निकाल २०२४ मधला. जून २०२५ मध्ये अमेरिकेने प्रतिबंधासाठी त्याला मान्यता दिली आणि पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली.

अमेरिकेतली किंमत ऐकून चक्कर येईल. पण मूळ कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा कंपन्यांना जेनेरिक बनवायचा परवाना दिला, त्यांत आपल्या पुण्याची एम्क्युअरही आहे. रोज गोळी घेणं ज्यांना जमत नाही, त्यांत नशेत अडकलेलेही आले, त्यांना याचा खरा उपयोग आहे.

त्यांना न सांगता भाजीतून देता येईल असं दारू सोडायचं औषध मिळेल का?

मेडिकलमधून आणून असं देणाऱ्या बायका आम्हांला भेटल्या आहेत. त्यांची तगमग कळते. पण नका देऊ. ते बहुधा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयविकार असेल तर जीवही जाऊ शकतो. हे औषध यकृतालाही झेपेलच असं नाही, आणि ज्याला आतून हेपॅटायटिस आहे हे माहीतच नाही त्याला तर मुळीच नको. घेणाऱ्याच्या संमतीने, तपासण्या करून, देखरेखीत दिलं तरच ते औषध.

नवं म्हणाल तर मधुमेह आणि वजनासाठी वापरलं जाणारं सेमाग्लुटाइड. २०२५ मध्ये ‘जामा सायकिॲट्री’ या नियतकालिकात ४८ जणांवरची नऊ आठवड्यांची चाचणी आली. दारूची तलफ आणि एका बैठकीतलं पिणं कमी झालं. आशा वाटावी असं आहे, पण ४८ माणसांवरून घाई करू नये. नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही जुनी, पारखलेली औषधं आहेतच. तीच वापरली जात नाहीत. २०१९ च्या त्याच पाहणीप्रमाणे दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाला होता.

‘गांजाने कोरोना रोखला’, ‘निकोटीनने विषाणू मरतो’ अशा बातम्या खऱ्या असतात का?

बातमीत माणसं होती की काचेची बशी, ते आधी बघा. २०२२ मधली गांजाची बातमी गांजाच्या झाडातली रसायनं वेगळी काढून प्रयोगशाळेतल्या पेशींवर केलेल्या प्रयोगांची होती. चिलीम ओढणाऱ्यांवरची नव्हती. धूर फुप्फुसात जातो तेव्हा गणित उलटं होतं.

निकोटीनची गोष्ट जास्त बोधप्रद आहे. २०२० मध्ये फ्रान्समध्ये रुग्णालयात धूम्रपान करणारे कमी दिसले, म्हणून निकोटीन वाचवतं अशी कल्पना निघाली. मग अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना खरोखर निकोटीनचे पॅच लावून चाचणी घेतली. मृत्यू कमी झाले नाहीत. धूम्रपान करणाऱ्यांना कोरोना कमी होतो असं सांगणारा एक शोधनिबंध तर नियतकालिकाने २०२१ मध्ये मागे घेतला, कारण लेखकांपैकी काहींनी तंबाखू उद्योगाशी असलेले संबंध उघड केले नव्हते. व्हॉट्सॲपवर पहिली बातमी फिरली, माघारीची कोणी पुढे पाठवली नाही.

आई मिश्री लावते. तिचा आणि एचपीव्हीच्या लसीचा काय संबंध?

थोडा आहे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, आणि सिगारेट-विडी ओढणाऱ्या बायकांत हा विषाणू शरीरातून लवकर जात नाही. आपल्याकडचा तोंडाचा कॅन्सर मात्र मुख्यतः तंबाखू आणि सुपारीचा. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्रीला कोणी व्यसन समजतच नाही, दात घासणं समजतात. आईच्या गालात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणं दिसलं तर दंतवैद्याकडे न्या.

लसीबद्दल एक ऐकण्यासारखी हकिगत. २००९ मध्ये भारतातल्या नऊ ठिकाणी, त्यांत पुणेही होतं, मुलींना या लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात हे बघायचा अभ्यास सुरू झाला. दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद झाला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळंच थांबवलं. हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा माग सोडला नाही. १० वर्षांनी दिसलं की एकच डोस घेतलेल्यांतही एचपीव्हीच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून ९५ टक्के संरक्षण आहे. एका डोसच्या जागतिक शिफारशीमागे हा अपघाताने घडलेला अभ्यासही आहे. तो वेगळ्या कंपनीच्या लसीचा होता. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये आली, तिचे किती डोस द्यायचे ते मुलीच्या वयानुसार डॉक्टर सांगतील.

मोठ्या माणसाने हेपॅटायटिस बीची लस घ्यावी का?

घ्यावी, विशेषतः घरात कोणाला असेल, सुईची नशा असेल, डायलिसिस चालू असेल किंवा रुग्णालयात काम असेल तर. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस. हेपॅटायटिस बी औषधांनी काबूत राहतो, पण सीसारखा सहसा बरा होत नाही, म्हणून लस मोलाची. २०२२ मध्ये देशात सुमारे तीन कोटी लोकांना बी आणि ५५ लाखांना सी होता, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

दारूला शिवलो नाही, तरी पावसाळ्यात कावीळ झाली. कशी?

पाण्यातून. हेपॅटायटिस ए आणि ई दूषित पाणी-अन्नातून येतात आणि बहुतेकांत आपणहून बरे होतात. १९५२ पासून पुण्यात असलेल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत ई विषाणूवर बरीच वर्षं काम चालू आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा ई जीवघेणा ठरू शकतो, आणि आधीच दारूने खराब झालेल्या यकृताला तो एका फटक्यात निकामी करू शकतो. कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन आठवडा घालवू नका. झाडपाल्याचं औषध घेतलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

पुण्यात नेमकं कुठे जायचं?

एचआयव्हीची चाचणी आणि समुपदेशन सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांतल्या केंद्रांत मोफत होतं. तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. हेपॅटायटिस बी-सीसाठी ससूनमध्ये केसपेपर काढताना ‘हेपॅटायटिस कार्यक्रमाची ओपीडी’ असं विचारा, सकाळी लवकर गेलात तर रांग कमी. पिंपरी-चिंचवडकरांनी वायसीएम रुग्णालयात चौकशी करावी.

व्यसनासाठी येरवड्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे. घरच्यांना आधी एकटं जाऊनही बोलता येतं, पिणारा तयार नसला तरी. फोनवर बोलायचं असेल तर नशामुक्तीसाठी १४४४६, एचआयव्हीसाठी १०९७, मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६.

जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि आधार कार्ड घ्या. रोज किती आणि काय घेतो ते घरूनच एका कागदावर लिहून न्या आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.